फाइल काढली, तरी टेस्ट हिरवी

आमच्या घरी लिंबू फक्त सरबतासाठी येतं. उतारा, बाहेरची बाधा असलं कोणी बोललं की वडील ताटावरून उठून जायचे. त्यात मी कॉम्प्युटरवाला... जे घडतं त्याला कारण असतंच, यावरच माझं पोट चालतं. तरी हे लिहितोय, कारण इतकी वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

वऱ्हाडात तेव्हा वाईट वर्षं चालली होती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांमुळे सकाळचा पेपर उघडायला नको वाटायचं. अमरावतीत राजापेठेत, एका ट्यूशन क्लासच्या वर, आमचं छोटं ऑफिस होतं — सर, मी आणि फरहाना. अकोटच्या एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यासाठी, आम्ही जावामध्ये प्रोग्राम लिहीत होतो. कापसाची गाडी काट्यावर उभी राहिली की वजन सरळ कॉम्प्युटरवर यायचं. हंगाम तोंडावर आला होता.

प्रोग्राम तपासायला आम्ही एक टेस्ट लिहिली होती. मी नमुन्याची वजनं एका फाइलमध्ये टाइप केली होती. टेस्ट ती उघडायची, हिशेब जुळला की हिरवी पट्टी, नाही तर लाल. मी फाइलचा पूर्ण पत्ता लिहून ठेवला होता, म्हणून ती फक्त माझ्याच मशीनवर सापडायची. फरहानाने ती टेस्टच्या रिसोर्सेस फोल्डरमध्ये टाकली आणि क्लासपाथवरून, म्हणजे पूर्ण पत्ता न देता प्रोग्रामच्याच फोल्डरांतून, उचलायला लावली. मग तिच्याही मशीनवर चालली.

सहज खात्री करावी म्हणून मी फाइल काढून टाकली. आता लाल यायला पाहिजे. आली हिरवी.

वाटलं, जुनी प्रत कुठेतरी राहिली असेल. सगळं साफ करून प्रोग्रामचा बिल्ड नव्याने केला — हिरवी. फरहानाच्या मशीनवरही फाइल काढली — हिरवी. दोन्ही मशीन पालथ्या घातल्या, प्रत कुठेच नाही. शेवटी फाइल कुठून वाचतेय ते छापायला लावलं, तर आमच्याच फोल्डरचा पत्ता आला. फोल्डर उघडलं... रिकामं. फरहानाने कोडमध्ये फाइलचं नाव मुद्दाम चुकवलं, तर लगेच लाल. बरोबर केलं, पुन्हा हिरवी.

अख्खी दुपार यात गेली. भीती वगैरे काही नाही, नुसता संताप. सरांना दाखवलं, तर त्यांनी धड पाहिलंही नाही. म्हणाले, "हिरवी हाये नं? मंग देऊन टाका. तिकडून रोज फोन येऊन रायले."

फरहाना सरांसमोर सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "सर, जी टेस्ट फाइल नसताना पास होते, तिच्या भरोशावर मी लोकायचा कापूस मोजू देणार नाही."

सर बरेच कुरकुरले, पण दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने अकोटला गेलो आणि प्रोग्राम खऱ्या काट्याला जोडला. पहिली गाडी काट्यावर आली. आकडा अजून वर चढतच होता, आणि आमच्या प्रोग्रामने वजन पक्कं करूनही टाकलं! काटा स्थिर होईपर्यंत बरेच आकडे पाठवतो. आम्ही पहिलाच धरत होतो. माझ्या फाइलमध्ये हलता आकडा एकही नव्हता — खुर्चीत बसून टाइप केलेले, सगळे स्थिर. फरक थोडाच होता. कोणाच्या लक्षातही येऊ नये इतका. पण दर गाडीला, आणि दर वेळी कमीच. गाडीवान बैलांना चुचकारत उभा होता. मला त्याच्याकडे बघवेना.

परत येऊन काट्यावरचे खरे आकडे नव्या फाइलमध्ये घातले. टेस्ट लाल. प्रोग्राम दुरुस्त केला, हिरवी. मग जुनी फाइल जागेवर ठेवून पुन्हा काढली आणि तिची जुनी टेस्ट चालवली. लाल — फाइल सापडत नाही म्हणे! फरहानाच्या मशीनवरही लाल. फाइल उचलणाऱ्या कोडला आम्ही हातसुद्धा लावला नव्हता.

मी परत शोधायला बसलो, तर फरहाना म्हणाली, "जाऊ द्या नं भाऊ. कोनीतरी थांबवलं आपल्याले."

मी वैतागून म्हटलं, थांबवायचंच होतं तर सरळ लाल दाखवायचं. हिरवं कशाला?

"लाल दाखवलं असतं, तर तुमी फाइल जागेवर ठेवून मोकळे झाले असते. अकोटच्या काट्यावर गेलोच नसतो आपण," ती म्हणाली.

मी शोधणं थांबवलं आणि ती फाइल परत जागेवर ठेवली.