पट्ट्याला खोबरेल, देवीला ओटी

आईच्या माहेरची जत्रा गाठायची, एवढंच ठरलं होतं. बाबांच्या आजारपणात कित्येक वर्षं ती चुकली होती. यंदा बाबा ठणठणीत झाले, त्यात तात्यामामाचा, म्हणजे आईच्या थोरल्या भावाचा फोन आला. आई लगेच पिशवी भरून बसली. गाव कुडाळ-मालवण रस्त्यावर, चौके गावाच्या अलीकडे. तिकडची रीत अशी की जत्रेच्या दिवशी माहेरवाशिणीने देवीची ओटी भरायची आणि ती भरेपर्यंत काही खायचं नाही. संध्याकाळी पालखी उठली की ओट्या बंद, मग थेट पुढच्या वर्षी. आईचे गुडघे बघता पुढच्या वर्षाचा भरवसा मी तरी देणार नव्हते. म्हणून उजाडायच्या आत कोल्हापूर सोडलं.

आजऱ्यावरून आंबोली हा माझा आवडता रस्ता. थंडीत जाणार असाल तर धुक्यासाठी हाताशी वेळ ठेवा. आम्हाला धुकं लागलंच, आणि त्यातच बॉनेटखालून चीं-चीं सुरू झालं. अॅक्सिलरेटर दाबला की आवाज चढायचा. इंजिनाचा पट्टा ओरडतोय हे मला कळलं, कारण मी घरबसल्या गाडी दुरुस्तीचे व्हिडिओ बघणाऱ्या बायांपैकी आहे. आंबोलीत टपरीपाशी थांबून बॉनेट उघडलं आणि इंजिन निवायला ठेवलं. मी कांदाभजी खाल्ली. उपाशी आई धुक्याकडे तोंड करून बसली. खाताना जिवाला लागलं, पण भजी छान होती.

हात धुऊन आले तर आई बॉनेटपाशी उभी, हातात खोबरेलाची बाटली. आमच्या घरात कुरकुरणारं दार, शिलाई मशीन, झोपाळ्याच्या कड्या, माझं डोकं, सगळ्याला औषध एकच. तिने पट्ट्यालाही मायेने भरपूर पाजलं होतं. मी कपाळावर हात मारला. फडक्याने जमेल तेवढं पुसलं आणि गाडी सुरू केली, तर आवाज गायब! घाट उतरून सावंतवाडीपर्यंत आईसाहेबांचा रुबाब बघण्यासारखा होता. "शिकलात सगळं, पण साधं तेल घालायला सुचलं नाही," इथपर्यंत मजल गेली.

हायवेला लागलो आणि पट्टा किंचाळायलाच लागला. तेलाने तो घसरत होता. बॅटरीचा लाल दिवा पेटला, स्टेअरिंग जड झालं. कसंबसं कुडाळ गाठलं. मोठ्या वर्कशॉपला फोन केला, तर त्यांनी पट्ट्यासकट सगळा संच बदलावा लागेल, सहा-साडेसहा हजार होतील आणि सामान परवा येईल असं सांगितलं. परवा! आईने ओटीची पिशवी मांडीवर घट्ट धरली.

मग एका रिक्षावाल्याने एमआयडीसीच्या बाजूला बाबल मेस्त्रीचं गॅरेज दाखवलं. बाबल पन्नाशीचा, पोट सुटलेला आणि बोलण्यात रंगणारा माणूस. त्याने पट्ट्याचा वास घेतला आणि विचारलं, "ह्येका फोडणी कोणी घातल्यान?" आई त्याच्याकडे न बघता पदर नीट करत राहिली.

बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला, असा निकाल त्याने तिथल्या तिथे दिला. मी म्हटलं, पट्टा काढा आणि एकेक पुली हाताने फिरवून तर बघा. त्याने तोंड वाकडं केलं, पण बघितलं. अल्टरनेटर लोण्यासारखा फिरला. मधली एक साधी पुली मात्र वाळू भरल्यासारखी खरखरली. तिचं बेअरिंग गेलं होतं. मूळ आवाज तिचा, पट्ट्याचं मातेरं आम्ही केलेलं. बाबलने हसत ते मान्य केलं आणि एक शहाणपणाची गोष्ट सांगितली, तुम्हीही लक्षात ठेवा: पुली चांगली असेल तर अख्खी घेऊ नका, त्यात नुसतं बेअरिंग बदलून मिळतं. आणि पट्ट्याच्या पाठीवर नंबर असतो, त्याचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. नंबर सांगितला की कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात चांगल्या कंपनीचा पट्टा निम्म्या किमतीत मिळतो.

पट्टा मिळालाही. बेअरिंगवाला मात्र दुपारचा जेवून झोपायला घरी गेलेला. इकडे दुपारी दुकानं बंद म्हणजे बंद, जत्रा असो नाहीतर प्रलय. चारशिवाय शटर उघडणार नव्हतं. रिक्षा करून तू पुढे हो, असं मी आईला परोपरीने विनवलं. लेकीला रस्त्यात टाकून कसली ओटी भरू, म्हणाली. मला तिचा इतका राग आला आणि इतकी माया आली की मी उठून बाहेरच जाऊन उभी राहिले.

शेवटी तिने मामाला फोन लावला. आमची वाट बघू नका, म्हणाली. मामा म्हणाला, "थांब गो. फोन ठेव नको." देवळात गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीने देवाला घालायचं साकडं, सुरू होत होतं. आईने स्पीकर लावला. ढोलांच्या गलक्यातून एका म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला:

"बा देवा म्हाराजा! आज आमची शेवंती वाटेत अडाकली आसा. तिच्या गाडयेचो पट्टो बिघाडलो. जो काय अडथळो आसात तो दूर कर आणि दिवस मावळाच्या आधी तिका तुझ्या पायांकडे घेवन ये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा गाव गरजला. काळ्या हातांनी नमस्कार करत बाबलही गरजला.

माझ्या आईचं नाव सुनंदा. लग्नात बदललेलं. शेवंती हे तिचं माहेरचं नाव मला ऐकून माहीत होतं, पण कुणी तिला त्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. आई तोंडाला पदर लावून ढसाढसा रडली.

चारला शटर उघडलं. बेअरिंग बसलं, पट्टा चढला, सगळं मिळून दोन हजारांच्या आत. कुडाळ-मालवण रस्ता अरुंद आणि वळणांचा, घाई करू नका असं मी एरवी लिहिलं असतं. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य माडांच्या खाली गेला होता. पालखी सजून दारात, आणि भोई निवांत चहा पीत होते. चहा संपवायची कुणाला घाई दिसली नाही. आईने ओटी भरली. मग मामीच्या हातची पेज अशी जेवली की मीच घाबरले.

दुसऱ्या दिवशी मालवणला जाऊन मासे खाल्ले, किनाऱ्यावर बसलो आणि आल्या वाटेने परतलो. घाटात गाडीचा ब्र नाही.

घरी आल्यावर आईला सहज विचारलं, मीही आता तुला शेवंतीच म्हणू का? ती पिशवीतले नारळ काढत होती. जरा विचार करून म्हणाली, "नको. ते तिकडेच राहू दे. हाक ऐकायला मला परत जायला हवं."