भंडारा कपाळापुरता

यंदा दिवाळीला पुण्याच्या गाडीतनं सगळ्यात आधी उतरल्या विहीणबाई, नाकाला पदर लावूनच. "मेंढरं हायेत का अजून?" म्हणाल्या.

म्हटलं, "हायेत की, तुमचीच वाट बघत्यात."

त्यांच्या मागनं माझी नात तनू उतरली. दम्याची पोर, लई वर्सांनी बेल्ह्याच्या आमच्या अंगणात! पण ऱ्हाऊ द्या, लिवायचं डॉक्टरबाईंवर हाय. त्यांना पंच्याहत्तर पुरी झाली, गावकरी त्यांच्या गौरवाचं पुस्तक काढत्यात, त्यात माझंबी पान पायजे म्हणाले. अक्षर मेंढरावानी पांगतंय, सांभाळून घ्या.

बाईंची वळख लई वर्सांमागं एका चंपाषष्ठीला झाली. आमी धनगर. लाडाची नात आली म्हणून नवं घोंगडं अंथरलं. पोरीला आधीच सर्दी, ती खोकाया लागली. तसा खंडोबाचं नाव घेऊन घरभर भंडारा उधळला, वर धूप घातला. पोरीला श्वासच घेता येईना. उचलून बाईंकडं पळालो. त्यांनी नळीतनं औषध दिलं, पोर मोकळी व्हईस्तवर पाठीवर हात ठिवून बसल्या.

मग मला म्हणाल्या, "आजी, माया कमी करू नका. घोंगडं, धूर आणि उधळण मात्र तिच्यापासून लांब ठेवा. भंडारा कपाळाला लावा, देवाला तेवढा पोचतो."

"देवाला इचारलं का तुमी?"

"तुम्हीच विचारा. ओळख तुमची आहे!"

त्यानंतर विहीणबाईंनी पोरीला पुण्याबाहेर सोडली न्हाई. त्यांचं तरी काय चुकलं? तनू फोनवर इचारायची, "आज्जी, कोकरू केवढं झालं?" मी हातानं दाखवायची. फोनमधनं हात कुठला दिसतोय!

बाईंना हे कळलं. बाजाराच्या गर्दीतनं वाट काढत त्या सोता घरी आल्या. मेंढरांचा वाडा शेताच्या पल्याड न्यायला लावला, चूल बाहेर काढायला लावली. विहीणबाईंना फोन करून समजावलं, "बरं वाटतंय म्हणून रोजचा औषधाचा पंप बंद करू नका. तिथंच दमा पुन्हा उठतो." दमा गेला न्हाई, पण कशानं उठतो ते दोन्ही घरांना कळलं.

म्हणून तर यंदा दिवाळीला पोर ऱ्हायली. धुतलेल्या गोधडीवर माझ्या कुशीत निजली. मी तिचा श्वास ऐकत पडले. कोकराची पार मेंढी झाली व्हती, ती तिनं लांबनंच बघितली.

बाई, तुमी लोकांच्या छातीत वारा खेळता ठिवलात. तुमच्याबी छातीत तो शंभरीपातूर असाच खेळू द्या.

जाताना विहीणबाईंनी पदर नाकाला लावला न्हाई, डोळ्याला लावला. चंपाषष्ठीला येतो म्हणाल्यात. भंडारा वाटीत काढून ठिवलाय, कपाळापुरता.