उभ्याउभ्या जेवणारी आते

माझी आते जन्मल्यापासून आजवर स्वस्थ बसलेली नाही, असं मी म्हटलं तर तारकर्लीत कोणी माझ्याकडे पुरावा मागणार नाही. एसटीत जागा रिकामी असली तरी ती ड्रायव्हरच्या मागचा दांडा धरून उभी राहते, कारण गाडी कुठे अडलीच तर ते आधी आपल्याला कळलं पाहिजे. फोन आला की ती बोलत बोलत घरापुढच्या खळ्यातून बाहेर पडते आणि बोलणं लांबलं तर समुद्रावर पोचते. माझ्या लग्नाच्या फोटोंमध्ये ती आहे, पण प्रत्येक फोटोत नुकतीच चौकटीबाहेर निघालेली: कुठे पदर, कुठे अर्धा खांदा, एकात नुसताच उलथनं धरलेला हात. घरामागच्या माडांच्या बागेत तिने पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्यात. त्यांच्या चादरी, त्यांचं जेवण, त्यांच्या पोरांनी हरवलेल्या चपला, सगळं तीच बघते. पाहुणे निवांतपणासाठी म्हणून येतात आणि हिच्या धावपळीकडे बघून त्यांनाच धाप लागते.

जेवायचीही ती उभ्यानेच. जेवायची म्हणणंसुद्धा धाडसाचं आहे. सारात खोबऱ्याचं वाटप नीट लागलंय का बघायला चमचाभर सार, मीठ बघायला आणखी चमचाभर, पाहुण्यांच्या ताटातून परत आलेली अख्खी भाकरी टाकवत नाही म्हणून ती, टोपाच्या तळाला राहिलेला भात उद्यापर्यंत टिकणार नाही म्हणून तो. कधीही विचारा, आते जेवलीस का, तर उत्तर ठरलेलं, "झाला मघाशीच." हे मघाशी कधी झालं ते मात्र घरातल्या कोणालाच ठाऊक नसायचं.

एवढं पळणारी बाई खरं तर काडीसारखी असायला हवी. पण आते वाढत गेली. गुडघे कुरकुरू लागले, साखर चढली, आणि खोल्यांच्या पायऱ्या चढताना ती मध्येच थांबून माडाला नारळ किती लागलेत ते बघू लागली. ते बघणं नव्हे, धाप होती. शेवटी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया सुचवली. तिची मुलगी पुण्याहून येऊन रडली, आम्ही सगळे घाबरलो. आते म्हणाली, ब्लाउज आटवतात तसंच पोट आटवायचं, त्यात एवढं काय. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी नर्सने तिला थोडं चालायला सांगितलं, तर ही सलाइनचा स्टँड ढकलत शेजारच्या वॉर्डात गेली आणि ज्यांना नुसत्या पाण्यावर ठेवलं होतं अशा माणसांना तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं कसं करतात ते सांगत बसली. चुकलो, सांगत उभी राहिली.

पहिलं वर्ष झोकात गेलं. आते अशी उतरली की गावचा शिंपी तिचे तेच ब्लाउज पुन्हा पुन्हा आटवून वैतागला. वर्षानुवर्षं ज्यांनी तिला पाहिलं होतं ते पाहुणे तिलाच विचारू लागले, मालकीणबाई कुठे आहेत. ती खूश होती, आणि खूश असली की तिला दुप्पट कामं सुचतात. त्या कामांतच हळूहळू सगळं परत आलं. चमचाभर सार आलं, भाकरीचा तुकडा आला, जत्रेतला खाजा आला. एकदम जास्त खाल्लं तर उलटी व्हायची, म्हणून ती एकदम खायचीच नाही. दिवसभर थोडं थोडं खायची. एकदा पाहुण्यांसाठी शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि नारळाचा गोड रस केला होता. तो तिने घाईघाईत वाटीभर पिऊन टाकला. थोड्याच वेळात ती घामाने निथळत, छाती धडधडत, ओट्याला धरून उभी असलेली आतोबांना सापडली. आतोबा म्हणजे तिचे यजमान, मुंबईच्या गोदीतून निवृत्त होऊन आलेले, अत्यंत अबोल. त्यांनी तिला खाली बसवायचा प्रयत्न केला, तर त्याही अवस्थेत तिने त्यांना गॅस बारीक करायला सांगितलं.

वजन चढू लागलं तसा न्हाणीघरातला वजनकाटा नारळाच्या खोपीत गेला. कोल्हापूरला तपासणीला जायचं ती पाहुण्यांच्या गर्दीचं कारण सांगून टाळू लागली, भर पावसातसुद्धा, जेव्हा तारकर्लीत पाहुणा औषधाला सापडत नाही. आम्ही हसण्यावारी नेलं. पण वालावलला आमच्याकडचं लग्न निघालं आणि आते आली नाही, तेव्हा मात्र मला राहवेना. लग्नाचं घर आणि आते नाही, असं कधी घडलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिथून थेट तिच्याकडे गेलो. ती मागच्या दारी मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "सगळी इचारतत, परत फुगलंस गो? काय सांगू तेंका? पोट ल्हान केल्यानी, पण माझे हात तेवढेच ठेवल्यानी." तिच्या बोलण्यावर मला नेहमी हसू येतं. त्या दिवशी आलं नाही, कारण तिचे ते हात थांबले होते.

पुढच्याच आठवड्यात मी दोघांना गाडीत घालून कोल्हापूरला नेलं. आते सबंध घाटभर दाराची कडी धरून होती, जणू संधी मिळताच उतरून चालत परत येईल. तिला वाटत होतं आता सगळे ओरडणार. तिथल्या आहारतज्ज्ञ बाई ओरडल्या नाहीत. असं पुष्कळांचं होतं, म्हणाल्या, आणि शस्त्रक्रिया वाया गेलेली नाही, गाडी रुळावर आणता येते. मासे आधी, भात नंतर आणि थोडा. जेवताना पाणी नाही, गोड पातळ काही नाही, त्यानेच तसा घाम फुटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताट वाढून घ्यायचं, बसायचं, आणि अर्धा तास सावकाश चावून जेवायचं. आतेने प्रत्येक गोष्टीला मान हलवली होती. इथे मात्र ती ठामपणे म्हणाली की बाकी सगळं करीन, बसायला जमणार नाही. बाईंनी कारण विचारलं. आतेला स्वतःलाच ते ठाऊक नसावं.

तेव्हा आतोबा बोलले. सरकारी कचेरीत बोलावं तसं जपून, शुद्ध मराठीत. "आमचं घर मोठं होतं, मॅडम. मी मुंबईला. हिची जेवायची वेळ यायची तेव्हा टोपात उरलेलं असायचं तेवढंच. तिला जेवायला बस असं कोणी कधी म्हटलंच नाही. मी पण नाही."

आतेने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू कोणी भलताच माणूस तिच्या शेजारी येऊन बसला आहे. मग तिने पर्स उघडली, बंद केली, आणि परतताना घाटात चहा कुठे मिळेल ते मला विचारलं.

घरी आल्यावर आतोबांनी एकच केलं. दोन ताटं मांडली आणि आपल्या ताटासमोर हात न लावता बसून राहिले. आते म्हणाली, तुमी जेवा, मी येतंय. ते म्हणाले, "तू बसलंस की मगे मी जेवतंय." आतोबांना साखर आहे, त्यांना उपाशी ठेवणं तिला जमणार नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. आते बसली. पण कशी, तर परीक्षेला बसल्यासारखी. बागेत नारळ पडला की उठायची, मांजर म्यांव म्हणालं की उठायची, कोणीच काही म्हणालं नाही तर एवढं शांत का म्हणून उठायची. शेवटी आतोबा तिच्या पदराचं टोक आपल्या गुडघ्याखाली दाबून जेवू लागले. चावायचं तर चावायचं, पण तेवढा वेळ बघायचं कुठे हा प्रश्न होता, म्हणून ती त्यांच्याकडे बघू लागली. एके दिवशी तिने मला फोन करून मोठी बातमी सांगावी तसं सांगितलं की आतोबा माशाचे काटे काढून ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवतात. लग्नाला एवढी वर्षं झाली आणि हे तिला आता कळत होतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. चतुर्थीला तिने स्वयंपाकघरात उभ्याने मोदक खाल्ला, वर आणखी एक खाल्ला, आणि आरती चालू असताना घामाघूम होऊन आडवी झाली. आम्हाला वाटलं, आता पुन्हा वजनकाटा लपणार. संध्याकाळी उठून ती म्हणाली, "चुकला तर चुकला. फुडचो घास नीट खातंय." वजन उतरतंय, रमतगमत. पहिल्या वर्षासारखी ती आता कधी दिसणार नाही, हे तिला डॉक्टरांनी सांगितलंय आणि तिने ते ऐकूनही घेतलंय. पहाटे ती किनाऱ्यावरून इतक्या वेगाने चालते की रापणीचं जाळं ओढणारे तिला वाट करून देतात.

परवा भर दुपारी मी न सांगता गेलो. खळ्यात पुण्याचा एक पाहुणा उभा होता, त्याला टॉवेल हवा होता, त्याने दोनदा हाक मारली. एरवी हाकेआधी टॉवेल यायचा. आतून आतेचा आवाज आला, "जेवतंय मी. वायच थांबा."

पाहुणा थांबला. मीही आत न जाता पडवीच्या पायरीवर टेकलो. आत दोन म्हातारी माणसं सावकाश जेवत होती, मधूनच ताटावर वाटी ठेवल्याचा आवाज येत होता, आणि बराच वेळ कोणी उठलं नाही.