मिठागरावर तोललेली बॅग

इंग्लंडला जायचं ठरलं तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो विमानाचा. नोकरी, पगार, राणीचा देश हे सगळं नंतर. तोवर विमान म्हणजे आमच्या मिठागरांवरून घरघरत जाणारी वस्तू. ते आलं की कामावरची माणसं हातातलं टाकून वर बघत आणि ते दिसेनासं झालं की पुन्हा वाकत. आता त्याच्या पोटात मी बसणार होते! माझे पाय जमिनीवर ठरेनात.

आमचं गाव पनवेलच्या खाडीकाठी. मीठ पिकवणाऱ्यांचं आणि थोड्याफार भातशेतीचं. मी मुंबईला राहून नर्सिंग शिकले, गावातली पहिली. तिकडच्या एका हॉस्पिटलाने तिकिटाचे पैसे पुढे पगारातून कापून घ्यायच्या बोलीवर मला बोलावलं. भावकीत कुजबुज झालीच. मुलीची जात, एकटी, सातासमुद्रापलीकडे. बाबांनी एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद केली. ते म्हणाले की पोरीच्या जाण्याचं सगळं मी बघीन, कुणी मदतीलाही येऊ नका आणि अक्कल शिकवायलाही येऊ नका. बाबा मिठागरावर तोलायचं काम करत. त्यांनी सांगितलेलं वजन मुंबईचा व्यापारीसुद्धा पुन्हा तोलून बघत नसे, एवढा त्यांच्या शब्दाला मान.

राहिली आई. तिला विमानाचं काही नव्हतं, तिला पोटाची काळजी. त्या काळी सरकार परदेशी जाताना इतकी थोडीच रक्कम नेऊ देई की ती मुठीत सहज मावावी. पहिला पगार व्हायला महिना जायचा. तोवर ही पोर खाणार काय? आईने चुलीपुढून न उठताच निकाल दिला.

"खायाचं संगती नेशील तर जाशील. नायतर घरान बस."

आणि आई जे बोलते ते करते, हे मला जन्मापासून ठाऊक. माझं सगळं जाणं त्या महिनाभराच्या खाण्यावर येऊन अडलं.

मग तयारीला ऊत आला. तांदळाचं पीठ दळून डब्यात दाबून भरलं. मसाला कुटला, त्याने अख्खी आळी शिंकत होती. लाडू झाले, पापड झाले. आईची एक कोळीण मैत्रीण होती उरणची, मी तिला मावशी म्हणायची. ती टोपलीभर सुकट आणि वाळवलेल्या कोळंबीचे सोडे घेऊन आली आणि मला बजावून गेली की गोऱ्यांना वास आला तर आपण गप्प बसायचं, बाजूच्याकडे बघायचं.

नेमकी तेव्हाच माझ्या मुंबईच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. त्या इंग्लंडला राहून आलेल्या. स्वस्तात प्रवास कसा करायचा याची त्यांनी माझी शिकवणीच घेतली. विमानात बॅग वीस किलोच्या वर नेलीस तर जादा किलोचा आकार असा लावतात की तेवढ्यात माणूस पुण्याला चार वेळा जाऊन येईल. पण अंगावर घातलेलं आणि हातातलं किरकोळ मोजत नाहीत, डबे-पिशव्या मात्र हातात धरल्या तरी तोलतात. ओव्हरकोट, छत्री, वाचायला पुस्तक, मांडीवर घ्यायला शाल, सगळं फुकट. तेव्हा जड असेल ते अंगावर घालायचं, बूट पायात, बॅगेत कधीच नाही. विमान स्वस्तातलं म्हणजे ठिकठिकाणी उतरत जाणार, उतरलं की तिथली दुकानं बघायची पण पाकीट काढायचं नाही. जे खायला देतील ते सगळं घ्यायचं, पाव उरला तर पर्समध्ये टाकायचा, लाजायचं नाही. आणि सेफ्टी पिना भरपूर. आज माझी नातवंडं हातातली पिशवीसुद्धा पट्टी लावून मोजतात आणि मला हसू येतं. आमच्या वेळी अंगावरचा कोट म्हणजे मोकळं रान होतं.

मी घरी येऊन हे सांगितलं तर आई कधी नव्हे ती खूश झाली. जुन्या बाजारातून एक ओव्हरकोट आणला. कुणा धिप्पाड साहेबाचा असावा, माझ्या घोट्यापर्यंत येत होता. आईने आपलं जुनं लुगडं फाडलं आणि कोटाला आतून खिसेच खिसे शिवले. मी तो घालून अंगणात फिरले तर कुत्री भुंकली.

बॅग तोलायचा कार्यक्रम बाबांनी मिठागरावरच ठेवला. मिठाचा मोसम ऐन भरात होता, बांधावर पांढरे ढीग लागलेले, ऊन डोळ्यांत घुसत होतं. मोठ्या तराजूच्या एका पारड्यात माझी निळी बॅग, दुसऱ्यात वजनं. भोवती सगळा गाव. बाबांनी हात वर केला, सगळे गप्प झाले. पारडी स्थिरावली. बाबांनी वजनांकडे एकदा बघितलं, क्षणभर थांबले आणि मिठाच्या मापाचा पुकारा करावा तसा खणखणीत आवाज दिला, "वीस." कुणीतरी टाळी वाजवली. मी तर नाचायचीच बाकी होते. खाणं, कपडे, सगळं बसलं होतं आणि कोटाचे खिसे अजून रिकामेच होते.

जायच्या दिवशी व्यापाऱ्याचा मिठाचा ट्रक मुंबईला निघालाच होता. मागे मीठ, पुढे ड्रायव्हरशेजारी आम्ही तिघं दाटीवाटीने आणि मांडीवर बॅग. ठाण्याला वळसा घालून जावं लागे तेव्हा. रस्ताभर मी बडबडत होते. विमान उडताना कान दुखतात म्हणे, ढगात धक्के बसतात म्हणे. बाबा हसत होते, आई पदराने माझा घाम पुसत होती. सांताक्रूझला विमानतळाच्या दारात मिठाचा ट्रक थांबला तेव्हा एका मोटारीतल्या बाई आमच्याकडे बघतच राहिल्या. मी त्यांना हात केला. त्या दिवशी मी राणीलाही हात केला असता.

आत पांढऱ्या शर्टातल्या तरुण कारकुनाने बॅग काट्यावर ठेवली. काटा वीसच्या पुढे गेला. गेला आणि तिथेच राहिला.

"जास्त आहे," तो म्हणाला.

बाबांनी मान हलवली. काटा खोटा असेल, परत ठेवा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्याने परत ठेवली. काटा परत तिथेच. आता बाबांचा आवाज चढला. त्यांनी सांगितलं की मी जन्मभर तोलत आलोय, माझं वजन आजवर कुणी खोटं पाडलेलं नाही. मागे रांग खोळंबली. कारकुनाने निमूटपणे काट्यावर पाच किलोचं वजन ठेवून दाखवलं. काट्याने पाचच दाखवले. बाबा त्या आकड्याकडे असे बघत राहिले की मला रडू आलं असतं.

आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. आगरातून काढलेलं मीठ ओलं असतं. बाजारात पोचेपर्यंत त्यातलं पाणी गळून जातं. म्हणून तोलणारा पुकारा करताना ती गळत मनातल्या मनात वजा करून कमी वजन सांगतो. ती आमच्याकडची रीतच होती. बाबांनी आयुष्यभर तेच केलं होतं. पारड्यात मीठ आहे की लेकीची बॅग, हे जिभेला कसं कळणार? त्यांनी माझ्या बॅगेचीही गळत कापली होती. आणि भोवतीचा सगळा गाव मिठातलाच, कुणाला खटकलंच नाही.

मी बाबांच्या कानाशी लागून ते सांगितलं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बॅगेकडे. आपण चुकलो असं त्यांनी म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ते कारकुनाकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमचा काटा बराबर हाय. माजं चुकलं."

मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की मी तिथेच फरशीवर बसून बॅग उघडली. कोट अंगावर चढवला आणि बाबा माझे खिसे भरू लागले. सुकट डाव्या खिशात, सोडे उजव्या, पापड पाठीशी, मसाल्याची पुडी काखेत. आयुष्यभर काटेकोर तोललेला माणूस सगळ्यांदेखत वजन लपवत होता आणि मन लावून लपवत होता. मला हसू आवरेना, त्यांनाही आवरेना. वासाने रांगेतले लोक मागे सरकले. मी मावशीने सांगितलं होतं तसं शेजारच्याकडे बघितलं. कारकुनाने नाकाला रुमाल लावला आणि कोट आम्ही तोलत नाही, असं स्वतःहून सांगितलं. देव त्याचं भलं करो.

तरी काटा वरच. खिसे संपले होते आणि फुगलेल्या कोटाखाली स्वेटरही मावत नव्हता. बूट मी घालूनच आले होते, बॅगेत आता माझे गरम कपडे आणि पिठाचा नि लाडवांचा डबा एवढंच होतं. मी आईकडे बघितलं नाही. मुकाट्याने स्वेटर काढून बाजूला ठेवला. दुसरा काढला. थंडी सोसता येईल, पण डबे काढले तर आई माझा हात धरून ट्रककडे चालू लागेल, याची मला खात्री होती. 

आई खाली बसली. तिने दोन्ही स्वेटर उचलले, नीट घडी केली आणि परत बॅगेत ठेवले. मग पिठाचा डबा काढला, लाडवांचा डबा काढला, दोन्ही आपल्या मांडीवर घेतले.

"खायाला कोनपन देल," ती म्हणाली. "तू जा."

काटा वीसवर आला. कारकुनाने चिठ्ठी लावली आणि माझी बॅग गेली. मी आईला मिठी मारली तर तिच्या हाताखाली पाठीशी पापड मोडल्याचा आवाज आला.

विमानाकडे उन्हातून चालत जायचं होतं. घोट्यापर्यंतच्या कोटात मी घामाने भिजले होते, सुकटीचा वास आता मलाही सोसवत नव्हता आणि मी जवळजवळ पळत होते. शिडीवर चढून मागे बघितलं. निरोप द्यायला आलेल्यांची गच्चीवर गर्दी होती आणि कठड्याशी बाबा एकटेच हात हलवत होते. आई कुठे दिसेना. मग दिसली. ती मागच्या गर्दीत शिरली होती. लाडवांचा डबा उघडा होता आणि बारशाचे पेढे वाटावेत तसे ती माझं महिन्याचं खाणं अनोळखी माणसांच्या हातावर ठेवत होती. प्रत्येकाला लाडू देताना ती माझ्याकडे बोट दाखवत होती.