पुस्तकाची पत्रिका

माझं पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा बारामतीत इंटरनेट नवंनवंच होतं. मी इंदापूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो आणि लासुर्ण्यात राहायचो. उसाच्या रसाचा गोडवा माणसं कशी मोजत आली, गुऱ्हाळावर गूळ करणाऱ्या गुळव्याच्या बोटांतल्या पाकाच्या तारेपासून कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीपर्यंत, याचा तो इतिहास होता. लिहिला इंग्रजीत, कारण असला विषय मराठीत कोण वाचणार, असं पुण्याच्या प्रकाशकानं आधीच सांगून टाकलं होतं. आता इंग्रजीत तरी कोण वाचणार, या विचारानं मला चैन पडत नव्हती. एखाद्या जाणत्या माणसानं वाचून बरं-वाईट काहीतरी बोलावं, एवढंच मला हवं होतं.

पुण्यातल्या एका मित्रानं मला विज्ञानाच्या इतिहासाच्या मेलिंग लिस्टवर घातलं होतं. तिथं एक मेल टाकली की जगभरच्या शेकडो अभ्यासकांना पोचायची. नव्या पुस्तकांच्या जाहिराती रोज यायच्या. मीही चार ओळींची टाकली. मग कॉलेज सुटलं की लासुर्ण्याला उतरायचं सोडून तसाच पुढं बारामतीला जायला लागलो. तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या खात्यावर माझा मेलचा पत्ता होता. इंटरनेट तेव्हा फोनवरून जोडायचं, तो फोन लागेपर्यंत मी काही खुर्चीत टिकायचो नाही. दारापर्यंत जायचो, परत यायचो. तुमच्या फेऱ्यांनी फोन लवकर लागणार नाही, असं क्लासचे मालक म्हणायचे. शेवटी एकदाचा लागायचा. मेलांचा ढीग यायचा आणि त्यात माझ्या पुस्तकाबद्दल अवाक्षरही नसायचं.

त्याचा राग घरच्यांवर निघायला लागला तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काय बिनसलंय ते विचारलं. मी सगळं सांगितलं. आबांनी जन्मभर ऊस केला, पण भावकीत कुणाचंही लग्न निघालं की पत्रिका वाटायला त्यांनाच पुढं घालायचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पत्रिका चावडीवर चिकटवलीस व्हय? मग कोण यील? दारात जाऊन, नाव घिऊन सांगावं लागतं."

हे मला तंतोतंत पटलं. पत्रिका नुसती पोस्टानं आली तर आमच्याकडची माणसं लग्नाला जात नाहीत. आम्हाला सांगितलंच नाही म्हणतात आणि वर्षभर मनात धरतात. उंबऱ्यावर अक्षता देऊन, यायलाच पाहिजे, असं म्हणावं लागतं. झालं. लिस्टवर ज्यांनी ज्यांनी कधी काही लिहिलं होतं त्या सगळ्यांचे पत्ते मी काढले आणि एकेकाला नावानिशी वेगळी मेल लिहायला बसलो. अमक्या विषयावरचं तुमचं लिखाण वाचलं, आता माझं पुस्तक आपण वाचलंच पाहिजे. बोटं दुखेपर्यंत हेच चाललं होतं.

उत्तर आलं ते लिस्ट चालवणाऱ्या प्राध्यापकांचं. सभासदांना अशा खासगी जाहिराती पाठवणं नियमात बसत नाही, अनेकांच्या तक्रारी आहेत, म्हणून तुमचं नाव काढलं आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दाराशी जाऊन आदरानं बोलावलं, आणि या लोकांना ती जाहिरात वाटली. परत तुमच्या क्लासची पायरी चढणार नाही, असं बिचाऱ्या मालकांनाच ऐकवून मी एसटीत बसलो. पुढं सगळा पावसाळा मी कॉलेज सुटलं की हट्टानं लासुर्ण्यालाच उतरत राहिलो, पण बारामतीची गाडी दिसली की जीव वरखाली व्हायचा.

दिवाळीच्या आसपास क्लासचे मालक फटफटीवरून मुद्दाम लासुर्ण्याला आले आणि त्यांनी एक छापलेली मेल माझ्या हातात ठेवली. मी नाव घेऊन बोलावलेल्यांपैकी परदेशातल्या एका बाईंची होती. पुस्तक मागवून वाचलं, आवडलं, असं लिहून त्या पुढं म्हणत होत्या की तुमच्या तिसऱ्या प्रकरणावरून लिस्टवर वाद पेटला आहे. गुळव्याच्या तारेला मोजमाप म्हणायचं की नाही, यावरून दोन तट पडले आहेत. आपण एक शब्दही का बोलत नाही? रागावलात का?

तो कागद घेऊन मी अंगणात येरझाऱ्या घालायला लागलो. माझ्याच पुस्तकावरून भांडण जुंपलं होतं आणि ते मला ऐकूही येत नव्हतं. आत जायचं तर त्याच प्राध्यापकांना लिहायचं, चुकलं म्हणायचं. मी आबांना बजावून सांगितलं की मी मुळीच लिहिणार नाही. त्यांनी काढलंय, त्यांनीच बोलवावं.

आबा सुपारी कातरत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"मांडव तुजा हाय," ते म्हणाले. "रुसायचा मान पावण्यांचा. तूच रुसलास तर पंगतीला वाढायचं कुणी?"

मालक फटफटीला किक मारतच होते. मी चपला घातल्या आणि त्यांच्या मागं जाऊन बसलो. बारामती येईपर्यंत ते सारखे सांगत होते, सर, नीट बसा, पडाल.