मैत्रेयीचे स्केट्स

दुकानात दोन-चार जोड घालून बघितले की पोरीच्या डोक्यातलं खूळ आपोआप उतरेल, अशा हिशेबाने संध्या तिच्याबरोबर उल्हासनगरला निघाली होती.

संध्या अंबरनाथच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. नवरा महेंद्र, मैत्रेयी शाळेत असतानाच गेला. तेव्हापासून घरात तिघंच: ती, मैत्रेयी आणि संध्याचा थोरला भाऊ भगवान. भगवानला दिसत नव्हतं. तरुणपणी आधी त्याला अंधारात दिसेनासं झालं, मग नजर दोन्ही बाजूंनी मिटत आली आणि चाळिशीच्या आत सगळंच गेलं. मैत्रेयीच्या डोळ्यांत पंचविशीला तेच निघालं. डॉक्टरांनी कागदावर आकृत्या काढून समजावलं, की डोळ्याच्या आतल्या पडद्याचा हा आजार घराण्यातून येतो, औषध अजून नाही, नजर हळूहळू आक्रसत जाईल. संध्याच्या कानात त्यातला एकच शब्द राहिला. घराण्यातून. म्हणजे आपल्याकडून.

मैत्रेयी एका ऑफिसात अकाउंट्स बघायची. समोरचं तिला नीट दिसे, कॉम्प्युटरवर काम चाले. संध्याने विचारलं की ती म्हणायची, "फारसं वाढलेलं नाही गं." संध्यालाही तेच ऐकायचं असे.

एका संध्याकाळी जेवताना मैत्रेयी म्हणाली, "आई, मला स्केटिंग शिकायचंय. एका ओळीत चाकं असतात ना, ते."

"आता? एवढी घोडी झालीस, आता चाकं लावून फिरणार?"

"मग नंतर कधी फिरू?"

भगवान ताटात भाकरी चाचपत होता. तो म्हणाला, "जाऊ दे तिला. मला मोटरसायकल शिकायची होती. आपली आई म्हणाली, पडशील. मी काही पडलो नाही, संध्या. बसून राहिलो."

उल्हासनगरात कॅम्प दोनच्या बाजारात परसराम शेठचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. दोरीला बॅटी टांगलेल्या, ट्यूबलाइटच्या उजेडात खोकी छतापर्यंत रचलेली. शेठनी आधी लहान मुलांचे काढले.

"अंकल, हे नाही. मोठ्यांचे, लेडीज."

मग त्यांनी मोठ्या चाकांचा चकचकीत काळा जोड पुढे केला. "ये देखो, एकदम स्पीडवाला."

"मला स्पीड नकोय," मैत्रेयी हसली. "मी नवीन आहे. घोट्याला घट्ट धरणारा बूट पाहिजे, चाकं मध्यम, आणि टाचेला ब्रेक असलाच पाहिजे."

तिने पर्समधून स्वतःचे जाड मोजे काढले. दिवसभर चालून पाय थोडे सुजतात, तेव्हाच माप घ्यायचं, म्हणून मुद्दाम संध्याकाळी आली होती. एक जोड घालून ती काउंटर धरून उभी राहिली. अंगठा पुढे टेकला, गुडघे वाकवल्यावर जरा मागे सरकला. "लांबी बरोबर आहे, पण टाच उचलली जातेय. हा पुरुषांचा आहे." संध्या स्टुलावर बसून बघत होती. पोर किती दिवस हे वाचत, बघत बसली असेल, तिला अंदाजच नव्हता.

शेवटी करड्या रंगाचा, जांभळ्या कडेचा बूट निघाला. बाकावर बसून तिने उजव्या पायात चढवला, तो अगदी बसला. मैत्रेयीचा चेहरा उजळला.

"ये लो बेटी, दूसरा." शेठनी डावा बूट तिच्या शेजारी, कानाशी धरावा तितक्या जवळ धरला.

मैत्रेयी समोर बघून हसत राहिली. शेठचा हात तसाच. "अंकल, दूसरा देना ना," ती म्हणाली.

शेठनी संध्याकडे पाहिलं. संध्या उठली, त्यांच्या हातातून बूट घेतला आणि मैत्रेयीच्या मांडीवर ठेवला. बाजूचं एवढं गेलंय? एवढं? आणि ही रोज स्टेशनचा पूल चढून-उतरून कामाला जाते?

खूळ उतरेल म्हणून आलेली बाई पोरीच्या पायाशी बसली आणि बुटाचा पट्टा आवळू लागली.

"हेच घे," ती म्हणाली. "आणि मनगटाचे, गुडघ्याचे पॅडपण घे. हेल्मेट घे."

"अगं, तू तर नको म्हणत होतीस!"

"मी कुठं नको म्हटलं?"

जवळच्या पालेगावला नव्या बिल्डिंगांच्या मधून रुंद सिमेंटचा रस्ता झाला होता. अजून माणसं फारशी राहायला आली नव्हती. रस्ता पुढे भाताच्या खाचरांशी जाऊन संपायचा. थंडीतल्या दर रविवारी सकाळी मायलेकी रिक्षाने तिकडे जायच्या. मैत्रेयी आधी पडायला शिकली. गुडघ्यावर, मग हातांवर. मग बदकासारखे पाय फाकवून उभं राहायला, मग ब्रेक दाबायला. संध्या चपला फटफटवत मागे धावायची. "डावीकडं खड्डा! समोरून रिक्षा!" कंपनीतल्या बायका घसा बसलेला बघून विचारायच्या, घरात भांडण झालं का.

आणि एका सकाळी मैत्रेयी सुटली. पडली नाही, अडखळली नाही, दोन्ही हात पसरून रस्त्याच्या टोकापर्यंत गेली. धापा टाकत संध्या तिथं पोचली, तेव्हा ती मोठमोठ्याने हसत होती. "आई, वारा बघ ना! कानात वाजतोय नुसता!" संध्यालाही हसू फुटलं. महेंद्र गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. हसता हसताच तिच्या मनात आलं, हे किती दिवस? आणि तिने पटकन पाण्याची बाटली पुढे केली.

ऊन तापायला लागलं, तोवर बिल्डिंगांत माणसं राहायला आली होती. अशाच एका रविवारी एका गेटातून छोटी मुलगी चेंडूमागे पळत रस्त्यावर आली. संध्या ओरडली, पण उशीर झाला. दोघी आपटल्या. मुलीचा ओठ फुटला, फ्रॉकवर रक्त आलं. तिची आई धावत आली, मुलीला उचलून मैत्रेयीवर खेकसली.

"दिसत नाही का? आंधळी आहेस का गं?"

संध्या पदर खोचून पुढे झाली. पण मैत्रेयी, रस्त्यावर बसल्या बसल्याच, शांतपणे म्हणाली, "हो ताई. होतेय."

वॉचमनने पाणी आणलं, मुलीचा ओठ धुतला. जखम लहान होती. थोड्या वेळाने मुलगी रडायचीही थांबली. जाताना त्या बाईने मैत्रेयीच्या खांद्यावर हात ठेवला.

मैत्रेयीने तिथंच स्केट्स उतरवले.

रिक्षात ती म्हणाली, "आई, रस्ता रिकामा होता गं. मला तर रिकामाच दिसत होता."

"माझीच हाक उशिरा आली."

"तू किती दिवस हाका मारणार?"

त्यानंतर ती पालेगावला गेली नाही. संध्याने दोनदा विषय काढला, दोनदा तिने टाळला. मग एक दिवस ऑफिसातली मैत्रीण वृंदा घरी आली. मैत्रेयीने स्केट्स बाहेर काढले.

"राहू दे ना घरात," संध्या कळवळून म्हणाली.

"पडून काय करायचेत? हिला शिकायचंय."

वृंदा अवघडून खुर्चीवर बसली. मैत्रेयीने तिच्या पायात बूट चढवला, दोन्ही हातांनी टाच चाचपून पाहिली. "ऊठ. गुडघे वाकव. अंगठा मागे आला? टाच उचलत नाही ना? मग तुझेच आहेत." वृंदाचे डोळे भरले. ती नाही नाही म्हणत होती, मैत्रेयी पिशवी भरत होती. वृंदा जिना उतरून गेल्यावरही मैत्रेयी उघड्या दारात उभी राहिली.

मग ती आत वळली. "मामा, मला तुझ्यासारखी काठी धरायला शिकव."

भगवान खाटेवर बसला होता. "इतक्यात कशाला?" तो म्हणाला.

"अजून थोडं दिसतंय, तोवर शिकते. सोपं जाईल."

तो उठला. कोपऱ्यातली काठी घेऊन त्याने तिच्या हातात दिली आणि तिची बोटं मुठीवर एकेक करून बसवली. "मनगट सैल सोड. डोळे मीट आता."

तो भिंतीला हात लावत पुढे, ती मागे, दोघं जिना उतरू लागली. पायरीवर काठी टेकल्याचा आवाज येत होता, मध्येच भगवानचं "हं, आता वळण" ऐकू येत होतं. संध्याने दाराबाहेर येऊन जिन्याचा कठडा घट्ट धरला. हाक तिच्या ओठांपर्यंत आली होती. ती तिने गिळली, आणि आवाज खालच्या मजल्यावर विरेपर्यंत तशीच उभी राहिली.