मेणबत्तीचा वास

बाभुळगावजवळच्या आमच्या कारखान्यात कपाशीच्या पऱ्हाटीचा भुसा आणि टाकाऊ प्लास्टिक एकत्र तापवून, दाबून फळ्या करतात. नवरा तापत्या प्रेसवर, मी मागच्या शेडमध्ये निवडायला. माझं काम नाकाचं. प्लास्टिकचा तुकडा मेणबत्तीवर धरायचा, विझवायचा आणि हुंगायचा. मेणासारखा वास आला तर चांगला. नाकात झोंबला तर पीव्हीसी. ते तापलं की छाती जाळणारा वायू निघतो, म्हणून ते बाजूला. बाकीच्या बायका मला हसत, पण अडलं की तुकडा माझ्याच नाकाशी आणत. त्याचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी सर्दीनं नाक पार बंद होतं. सांगितलं असतं तर माझ्या जागी दुसरीला बसवलं असतं, एवढंच. पण तेवढंही मला सोसेना. कळंबहून आलेल्या पोत्यात नळ्यांचे काळे तुकडे होते, रोजच्या ठिबकच्या नळ्यांसारखे. झोंबलं नाही, म्हणून पुढे पाठवले.

मग चहा आला, आणि चहाला वासच नाही. आल्याचा नाही, कशाचाच नाही. पोत्याच्या तळाशी उरलेले तुकडे मी बादलीत टाकले. ठिबकची नळी पाण्यावर तरंगते, पीव्हीसी बुडतं, हे मला ठाऊक होतं. पण एवढं नाक असताना बादली कोण भरतं? तीन तरंगले. चार सरळ तळाला गेले.

मागच्या साली फवारणीचं विष चढून नवरा दवाखान्यात पडून होता. डॉक्टरांनी धुरापासून जपायला बजावलं होतं. मी पळत सुटले. शेडपासून प्रेसपर्यंतचं अंगण मला सरता सरेना.

तो तोंडाला दुपट्टा बांधून खोकत उभा होता, डोळे लाल. प्रेस चालूच. बंद करा, म्हणून मी ओरडले. त्यानं बटण दाबलं, तसं मी त्याला ओढत बाहेर आणलं, लिंबाखाली बसवून पाणी पाजलं. वास आला नाही का, विचारलं. केव्हाचा येत होता, म्हणाला.

"मंग बंद काहून नाही केलं?"

त्याला दम लागला होता. जरा थांबून म्हणाला, "माल तुह्या हातचा होता ना. मले वाटलं, माह्याच नाकाचं काही बिघडलं."

सर्दीचं मी तोवर त्याला सांगितलंच नव्हतं.